पिशवीची जाडी आणि ग्राहकाची सवय : महाराष्ट्रातील प्लास्टिक-पिशवीविषयक धोरणाचा इतिहास (१९९९ ते २०२२)

प्रस्तावना

पर्यावरणाच्या इतिहासलेखनात जंगल, पाणी आणि जमीन या विषयांना आपल्याकडे योग्य ते स्थान मिळाले आहे. वनकायदे, धरणे आणि विस्थापन यांवर मराठीतही बरेच लेखन झाले. त्या मानाने दैनंदिन उपभोगाचा इतिहास उपेक्षित राहिला. माणसे बाजारातून वस्तू कशात घालून आणत होती, रिकाम्या डब्याचे आणि बाटलीचे काय करीत होती, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला क्षुल्लक वाटत आले असावेत. परंतु गेल्या तीन दशकांत शासनसंस्थेने ज्या एका घरगुती सवयीत सातत्याने हस्तक्षेप केला, ती सवय नेमकी हीच आहे. प्लास्टिकच्या हातपिशवीसंबंधी केंद्र व राज्य शासनाने १९९९ पासून जितके नियम, सुधारणा आणि अधिसूचना काढल्या, तितक्या ग्राहकाच्या दुसऱ्या कोणत्याही सवयीबद्दल क्वचितच निघाल्या असतील.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील या धोरणाचा मागोवा घेतला आहे. राजपत्रातील नियम व अधिसूचना हा त्याचा मुख्य आधार असून तुलनेसाठी आयर्लंडचे उदाहरण घेतले आहे. लेखकाचे प्रतिपादन असे, की या धोरणाने प्रदीर्घ काळ पिशवीची जाडी मोजली, नंतर पिशवी देणाऱ्याला दंड केला. परंतु पिशवी फुकट मिळते म्हणून घरून पिशवी नेण्याची सवय सुटली, या मूळ कारणाला ते अभावानेच भिडले. जेव्हा भिडले तेव्हाही ती तरतूद फार काळ टिकू दिली गेली नाही.

प्लास्टिकपूर्व व्यवस्था

हरित उपभोग ही पाश्चात्त्य देशांकडून आलेली नवी कल्पना आहे, असा समज अनेकदा दिसतो. त्याच्या उलट, आपली संस्कृती मुळातच पर्यावरणस्नेही होती, असाही एक सोयीचा युक्तिवाद ऐकू येतो. या दोन्ही भूमिका तपासून घेतल्या पाहिजेत. साठ-सत्तरच्या दशकांतील महाराष्ट्रातील शहरी किंवा निमशहरी कुटुंब बाजारात जाताना पिशवी नेत असे. ही पिशवी बहुधा जुन्या पँटच्या, चादरीच्या वा जाड साडीच्या कापडाची असे. तेलासाठी किटली, घासलेटसाठी डबा, दुधासाठी चरवी ही भांडी ठरलेली होती. वाणी साखर, डाळ वा मसाला रद्दीच्या कागदाच्या पुडीत बांधून दोऱ्याचे चार वेढे देई आणि तो दोराही घरी गुंडाळून ठेवला जाई. शिधावाटप दुकानात पिशवी न नेणाऱ्याला धान्य नेण्याचा मार्गच नव्हता.

यामागे निसर्गप्रेमाची जाणीव होती असे म्हणण्यास आधार नाही. आवेष्टन महाग होते आणि माणसाचा वेळ स्वस्त होता, विशेषतः घरातील स्त्रीचा. पिशवी शिवणे, डबा घासणे, दोरा गुंडाळणे ही कामे कोण करीत होते याचा उल्लेख या काळाच्या स्मरणरंजनात सहसा येत नाही. जी सवय आज हरित म्हणून गौरविली जाते ती टंचाई, काटकसर आणि बिनमोल गृहश्रम यांच्यावर उभी होती. टंचाई ओसरली, स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडल्या आणि संध्याकाळी परतताना भाजी घेऊ लागल्या, तेव्हा ही व्यवस्था तशीच टिकणे शक्य नव्हते. म्हणून ‘जुन्या सवयीकडे परत चला’ हे आवाहन इतिहासाच्या दृष्टीने अपुरे ठरते.

काही व्यवस्था मात्र निव्वळ टंचाईतून आलेल्या नव्हत्या. त्या शासनाने जाणीवपूर्वक उभारल्या होत्या. मुंबईतील आरे दूध योजना हे त्याचे ठळक उदाहरण. १९४९ मध्ये आकाराला येऊ लागलेल्या आरे दूध वसाहतीतून शहराला काचेच्या बाटल्यांतून दूध पुरविले जाऊ लागले. केंद्रावर रिकामी, धुतलेली बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची, हा शिरस्ता हजारो कुटुंबांनी अनेक वर्षे पाळला. त्यासाठी कोणाचे प्रबोधन करावे लागले नाही. बाटली परत केल्याखेरीज व्यवहार पुढे सरकत नव्हता, एवढेच कारण पुरेसे होते. पुढे पॉलिथिनची पिशवी आली. ती हलकी होती, फुटत नव्हती, परत आणावी लागत नव्हती. वितरकाचा बाटल्या वाहण्याचा व धुण्याचा खर्च वाचला आणि रिकाम्या आवेष्टनाची जबाबदारी दूध संस्थेकडून नगरपालिकेकडे गेली. हे हस्तांतर कोणत्याही राजपत्रात नोंदले गेलेले नाही, परंतु कचऱ्याच्या इतिहासात त्याचे महत्त्व मोठे आहे.

पॉलिथिनच्या या सुलभतेमागेही सार्वजनिक धोरणच होते. सार्वजनिक क्षेत्रातील आयपीसीएल या कंपनीची स्थापना १९६९ मध्ये झाली. तिचा बडोद्यापाठोपाठचा प्रकल्प ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे उभा राहिला. नव्वदच्या दशकात खाजगी कंपन्यांची उत्पादनक्षमता त्यात मिळाली आणि कच्चा माल मुबलक झाला. लहान यंत्रांवर पातळ पिशव्या काढणारे असंख्य लघुउद्योग उभे राहिले. व्यापाऱ्यांच्या बोलीत ‘जबला’ म्हणून ओळखली जाणारी बंडीच्या आकाराची पिशवी इतकी स्वस्त झाली, की भाजीवालीलाही ती फुकट देणे परवडू लागले. ज्या शासनाने पुढे पिशवीविरुद्ध नियम केले, त्याच शासनसंस्थेच्या औद्योगिक धोरणातून पिशवी घरोघर पोहोचली होती.

मटक्याचे बोधचिन्ह

ग्राहकाला पर्यावरणस्नेही निवडीकडे वळविण्याचा केंद्र शासनाचा पहिला औपचारिक प्रयत्न पिशवीसंबंधी नव्हता. फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘इकोमार्क’ योजना जाहीर झाली. जर्मनीने १९७८ मध्ये ‘ब्लू एंजल’ हे चिन्ह सुरू केले होते; त्याच धर्तीवरील ही योजना होती. तिचे बोधचिन्ह मातीचे मडके होते, आणि ते मोठ्या कल्पकतेने निवडले होते यात शंका नाही. साबण, कागद, रंग, आवेष्टन-साहित्य अशा अनेक वर्गांसाठी निकष ठरविण्यात आले. अंमलबजावणी भारतीय मानक ब्युरोकडे होती आणि चिन्ह हवे असल्यास उत्पादकाने गुणवत्तेचे मानकही पूर्ण करावयाचे होते.

मडके बाजारात फारसे दिसलेच नाही. योजना ऐच्छिक होती. परवाना घेण्याचा खर्च उत्पादकाने करावा आणि त्याचे फळ ग्राहकाच्या सदसद्विवेकावर सोडावे, अशी तिची रचना होती. ग्राहकाला चिन्ह माहीत नव्हते, म्हणून उत्पादकाला त्याचे मोल नव्हते. आणि उत्पादक घेत नव्हते, म्हणून ग्राहकाला ते माहीत होत नव्हते. तीन दशकांहून अधिक काळानंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या नियमांनी या योजनेची पुनर्रचना करण्यात आली.

याच्या शेजारी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकन योजना ठेवून पाहावी. ती २००६ मध्ये ऐच्छिक स्वरूपात आली आणि २०१० पासून शीतकपाट, वातानुकूलन यंत्र इत्यादी काही उपकरणांना सक्तीची झाली. येथे तारे म्हणजे विजेचे बिल, हे समीकरण ग्राहकाला लवकर उमगले. एलईडी दिव्यांबाबत तर शासनाने ग्राहकाच्या निवडीवर भिस्तच ठेवली नाही. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सार्वजनिक क्षेत्रातील ईईएसएल या कंपनीने घाऊक खरेदी केली. २०१४ च्या आरंभी सुमारे ३१० रुपये असलेली दिव्याची खरेदी-किंमत २०१६ मध्ये ४० रुपयांच्या खाली आली. या कार्यक्रमातून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. दिवा बदलणाऱ्या कुटुंबाला पर्यावरणाचे ज्ञान किती होते, हा प्रश्न येथे अप्रस्तुत ठरतो. पिशवीच्या धोरणाचे मूल्यमापन करताना ही उदाहरणे नजरेसमोर असणे आवश्यक आहे.

मायक्रॉनचा कायदा

सप्टेंबर १९९९ मध्ये केंद्र शासनाने पुनर्चक्रित प्लास्टिकच्या उत्पादन व वापरासंबंधीचे नियम अधिसूचित केले. पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन असावी आणि पुनर्चक्रित प्लास्टिकच्या पिशवीत खाद्यपदार्थ देऊ नयेत, अशा त्यातील ठळक तरतुदी होत्या. २००३ च्या सुधारणेने ८ बाय १२ इंच या किमान आकाराची भर घातली. त्यानंतरचा इतिहास म्हणजे या आकड्याच्या वाढीचाच इतिहास आहे. महाराष्ट्राने २००६ मध्ये ५० मायक्रॉनची मर्यादा घातली. केंद्राने २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन अशी ती वाढवीत नेली.

जाडी वाढविण्यामागचे तर्कशास्त्र समजून घेतले पाहिजे, कारण सामान्य नागरिकाला ते कधीच नीट सांगितले गेले नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ८ बाय १२ इंचाच्या, २० मायक्रॉन जाडीच्या साध्या पिशवीचे वजन पॉलिथिनच्या घनतेवरून काढल्यास सव्वादोन ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे एक किलो माल जमविण्यासाठी कचरावेचक स्त्रीला सुमारे ४४० पिशव्या उचलाव्या, झटकाव्या आणि वाहाव्या लागतील. तीच पिशवी ५० मायक्रॉनची असेल तर किलोला सुमारे १७५ पिशव्या पुरतील. भंगारवाला वजनावर पैसे देतो. त्यामुळे पातळ पिशवी कोणी उचलत नाही. ती गटारात, उकिरड्यावर आणि जनावरांच्या पोटात जाते. जाड पिशवी निदान उचलण्याजोगी होते. म्हणजे ‘मायक्रॉन’ हा निकष ग्राहकासाठी नव्हताच. तो कचरावेचकाच्या श्रमाच्या हिशेबावर बेतलेला होता. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने हे श्रम सार्वजनिक चर्चेत आणले. परंतु नियमांच्या मसुद्यात कचरावेचक बऱ्याच उशिरा, आणि तेही आनुषंगिक उल्लेख म्हणून आले.

या निकषाला आणखी एक आधार होता. जाड पिशवीला कच्चा माल अधिक लागेल, ती महाग होईल आणि दुकानदार ती फुकट देणे थांबवील, अशी अपेक्षा होती. म्हणजे किंमत वाढवायची, परंतु किंमत हा शब्द न उच्चारता. ही अपेक्षा अर्धीच खरी ठरली. मोठ्या दुकानदाराने वाढीव खर्च सहज पचविला. लहान विक्रेत्याने तीच पातळ पिशवी चोरून घेणे चालू ठेवले, कारण जाडी डोळ्यांना दिसत नाही. २० आणि ५० मायक्रॉनमधील फरक सांगण्यासाठी जाडीमापक हवे, ते वापरणारा कर्मचारी हवा आणि त्याने मंडईत प्रत्येक टोपलीपाशी थांबायला हवे. ज्या नियमाचे उल्लंघन उघड्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, तो नियम ग्राहकाच्या सवयीला स्पर्शही करू शकत नाही. शिवाय ५० मायक्रॉनची पिशवी एकदाच वापरून टाकली गेली, तर प्लास्टिकचा वजनी वापर अडीचपट होतो, ही साधी गणिती बाब चर्चेत फारशी आली नाही.

२६ जुलै २००५

महाराष्ट्राने केंद्राच्या पुढे जाऊन ५० मायक्रॉनची मर्यादा का घातली, याचे उत्तर मुंबईच्या महापुरात आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. नाले तुंबण्यास प्लास्टिकच्या पिशव्या कारणीभूत असल्याची चर्चा लगेच सुरू झाली आणि राज्यात पिशव्यांवरील बंदीची घोषणाही झाली. पुढील वर्षी पिशव्यांसंबंधीचे राज्याचे नियम आणि अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा अधिनियम आला. बांगलादेशातही १९८८ व १९९८ च्या पुरांनंतर नाले तुंबण्याचा मुद्दा पुढे आला होता आणि २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर देशव्यापी बंदी घालण्यात आली होती. आपत्तीनंतर पिशवी कायद्याच्या कक्षेत येते, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

पिशव्यांनी नाले तुंबतात हे खरेच आहे. परंतु मुंबईची पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी व्यवस्था ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसासाठी, तीही ओहोटी गृहीत धरून, आखलेली होती. तिच्या सुधारणेचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासून शासनदरबारी होता. मिठी नदीचे पात्र भरावाने आणि बांधकामांनी आक्रसले होते. या कारणांना हात घालणे खर्चाचे आणि राजकीयदृष्ट्या अडचणीचे होते. पिशवीला हात घालणे स्वस्त होते. पिशवी ही प्रत्येकाच्या हातात असल्याने दोष सर्वांत सारखा वाटता येत होता. ग्राहकाच्या सवयीविषयीचे धोरण अनेकदा असे दुसऱ्या एखाद्या टाळलेल्या धोरणाच्या जागी येऊन बसते, याकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावयास हवे.

किंमत : आली आणि गेली

आयर्लंडने निराळा मार्ग धरला. ४ मार्च २००२ पासून तेथे प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट आकारणी सुरू झाली. ती ग्राहकाकडूनच, गल्ल्यावर, पावतीत स्वतंत्र दाखवून घ्यावयाची होती. दुकानदाराने ती स्वतः सोसून पिशवी फुकट देण्याची मुभा नव्हती. जमा झालेली रक्कम पर्यावरण निधीत गेली. दरडोई वार्षिक वापर सुमारे ३२८ पिशव्यांवरून २१ वर आला. पुढे तो पुन्हा वाढू लागल्याचे दिसताच जुलै २००७ मध्ये आकारणी २२ सेंट करण्यात आली. पंधरा सेंट ही आयरिश कुटुंबाला जड रक्कम नव्हती. परंतु जी गोष्ट आजवर न मागता मिळत होती ती आता मागावी लागत होती, आणि मागताना क्षणभर विचार करावा लागत होता. सवय मोडण्यास तो क्षण पुरला.

भारतातही हा विचार अगदीच अपरिचित नव्हता. फेब्रुवारी २०११ च्या केंद्रीय नियमांनी दुकानदाराने पिशवी फुकट देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आणि किमान किंमत ठरविण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला. मॉलमध्ये आणि साखळी दुकानांत पिशवीचे पैसे घेतले जाऊ लागले. मंडईत काहीच बदलले नाही. आकारलेली रक्कम दुकानदाराच्याच खिशात राहत असल्याने तिला कराचे नैतिक वजनही आले नाही. मार्च २०१६ च्या नियमांतील पंधराव्या नियमाने अधिक कठोर व्यवस्था आणली. ज्या दुकानदाराला वा फेरीवाल्याला पिशवी द्यावयाची असेल त्याने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून महिन्याला किमान ४,००० रुपये भरावेत, असे त्यात म्हटले होते. मिळणारा निधी कचरा व्यवस्थापनासाठी होता. फेरीवाल्याला हा आकडा अशक्य होता आणि साखळी दुकानाला तो जाणवणारही नव्हता. एकच रक्कम दोघांना लावण्यात धोरणकर्त्यांनी व्यवहाराचे भान ठेवले नाही, असेच म्हणावे लागेल. परंतु हा नियम दुरुस्त करण्याऐवजी २७ मार्च २०१८ च्या सुधारणेने तो वगळण्यात आला. म्हणजे पिशवीला किंमत लावण्याची केंद्रीय नियमांतील तरतूद, अयशस्वी का झाली याचा शोध न घेताच, निघून गेली.

त्यापूर्वी चारच दिवस, २३ मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्राने बंदीची अधिसूचना काढली होती.

२०१८ ची बंदी

या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची ताटे, पेले, एकदाच वापरण्याचे चमचे इत्यादींचे उत्पादन, विक्री, साठवण, वाहतूक आणि वापर यांवर बंदी घातली. पिशव्यांच्या बाबतीत जाडीचा प्रश्नच काढून टाकला गेला. कायद्याच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते, कारण उल्लंघन आता डोळ्यांना दिसू लागले. उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये स्थगिती नाकारली आणि २३ जूनपासून प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिने कारावास अशी शिक्षा होती. ‘वापर’ हाही गुन्हा असल्याने ग्राहक प्रथमच थेट दंडाच्या कक्षेत आला.

पहिल्या काही आठवड्यांत पिशव्या खरोखरच नाहीशा झाल्या. मंडईत लोक कापडी पिशव्या घेऊन जाऊ लागले. बचत गटांना पिशव्या शिवण्याचे काम मिळाले. या यशाला नाकारण्याचे कारण नाही. जी सवय गेल्यासारखी वाटत होती ती पंधरवड्यात परत येऊ शकते, हे त्याने दाखविले. परंतु कारवाई सुरू झाल्यावर आठवड्याभरातच किराणा व्यापाऱ्यांना सुटे धान्य बांधण्यासाठी काही अटींवर जाड प्लास्टिकची सवलत द्यावी लागली. कारखान्यातच वस्तूला लागणारे वेष्टन तर आरंभापासून बंदीबाहेर होते. परिणामी पावशेर मिरच्या पिशवीत देणारी भाजीवाली गुन्हेगार ठरत होती आणि वेफर्सची बहुस्तरीय पाकिटे टांगून ठेवणारा शेजारचा दुकानदार निर्दोष होता. त्या पाकिटाला भंगारवालाही किंमत देत नाही. ५,००० रुपयांचा दंड भाजीवालीच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढा होतो. दंड इतका मोठा असला की बहुतेक वेळा तो केलाच जात नाही, आणि केला तर अन्यायाचा वाटतो. तपासणी सैल होताच पिशवी टोपलीखालून पुन्हा बाहेर आली, हे कोणत्याही मंडईत पाहता येते.

पर्याय म्हणून जे आले त्यातही गोंधळ होता. लग्नसमारंभात आणि दुकानांत ‘कापडी’ म्हणून वाटल्या जाणाऱ्या रंगीत पिशव्यांपैकी बऱ्याचशा पॉलिप्रॉपिलिनच्या, न विणलेल्या धाग्यांच्या असतात. म्हणजे त्याही प्लास्टिकच्याच. खऱ्या सुती पिशवीचाही हिशेब सरळ नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नव्या सुती पिशवीचा हवामानावरील परिणाम एकदाच वापरलेल्या पातळ पिशवीइतका खाली आणण्यासाठी ती १३१ वेळा वापरावी लागते. कापूस पिकविण्यास लागणारे पाणी, खत व वीज हे त्याचे कारण आहे. (चर्चासत्रांत आपल्या प्रत्येकाला मिळणाऱ्या पिशव्यांपैकी किती १३१ वेळा वापरल्या जातात, हा प्रश्न प्राध्यापकवर्गाने स्वतःलाच विचारावा.) जुन्या पँटची पिशवी या हिशेबात वेगळी ठरते, कारण तिच्यासाठी नवा कापूस लागतच नाही. परंतु तिच्या प्रसाराची तरतूद कोणत्याही अधिसूचनेत असणे कठीण, कारण तिच्या विक्रीत कोणाचा लाभ नाही.

याच काळात ग्राहक संरक्षणाच्या कायद्याने एक अनपेक्षित वळण घेतले. २०१९ मध्ये चंदीगड येथील ग्राहक मंचाने कागदी पिशवीचे ३ रुपये आकारल्याबद्दल एका पादत्राण कंपनीस दंड केला. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाने एका साखळी दुकानाच्या प्रकरणात, पिशवीचे पैसे ऐनवेळी गल्ल्यावर आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा निर्णय दिला. वरवर पाहता हा निर्णय पर्यावरणीय धोरणाच्या विरोधात जातो. २०११ चे नियम पिशवी फुकट देऊ नका म्हणत होते आणि आता पैसे घेणे अनुचित ठरत होते. तथापि आयोगाच्या विवेचनातील एक मुद्दा फार मोलाचा आहे. अशा दुकानांत ग्राहकाला स्वतःची पिशवी आत नेऊ दिली जात नाही आणि मग शेवटी दुकानाची पिशवी विकत घ्यावी लागते, यावर आयोगाने बोट ठेवले. म्हणजे घरून पिशवी आणणाऱ्या ग्राहकाची ती सवय दुकानाच्या दारातच, सुरक्षारक्षकाच्या टोकनावर अडकून पडत होती. पिशवीसंबंधीचे सर्व नियम वाचले तरी ग्राहकाला स्वतःची पिशवी वा डबा वापरण्याचा हक्क आहे, अशी तरतूद त्यांत आढळत नाही.

अनामत रकमेचा प्रश्न

२०१८ च्या अधिसूचनेत एक तरतूद अशी होती, जिची चर्चा दंडाच्या गदारोळात फारशी झाली नाही. दुधाच्या पिशवीवर बंदी नव्हती. परंतु ती किमान ५० मायक्रॉनची असावी, तिच्यावर किमान ५० पैसे ही परत-खरेदीची किंमत छापावी आणि रिकामी पिशवी परत घेण्याची यंत्रणा दूध संस्थांनी उभारावी, असे तीत म्हटले होते. पाण्याच्या बाटल्यांसाठीही अशीच व्यवस्था सुचविली होती. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण अधिसूचनेतील ही सर्वांत विचारपूर्वक केलेली तरतूद आहे. तिच्यात ग्राहकाला शिक्षा नाही, उपदेश नाही. रिकाम्या वस्तूला किंमत आहे आणि ती परत घेण्याचे दायित्व उत्पादकावर आहे. दुधाची पिशवी रोज, त्याच घरी, त्याच विक्रेत्याकडून येते. त्यामुळे ती परत नेण्यासाठी वेगळी फेरीही करावी लागत नाही.

जून २०१९ मध्ये विधानसभेत या योजनेच्या अंमलबजावणीची ग्वाही तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी दिली होती. सार्वत्रिक व्यवस्था म्हणून ती उभी राहिली नाही. पिशव्या गोळा करणे, धुणे, साठविणे आणि त्यांचा हिशेब ठेवणे यांचा खर्च कोणी उचलायचा, येथे दूध संस्था आणि शासन यांचे घोडे अडले. १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापराच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी घातली. त्या यादीत प्लास्टिकच्या कानकाड्या, फुग्यांच्या दांड्या, कांडीचे चमचे आणि पेले आहेत. हातपिशवी मात्र त्या यादीत नसून तिच्यासाठी जाडीचाच निकष चालू राहिला. दुधाच्या पिशवीचा कापलेला त्रिकोणी कोपरा आजही सकाळी ओल्या कचऱ्यात जातो आणि उरलेली पिशवी, घरातील कोणी धुऊन वाळत घातली तर, भंगारवाल्याकडे. मुंबईच्या दूधकेंद्रांवर रिकाम्या बाटल्या मोजून घेणारी जी यंत्रणा शासनाने पन्नासच्या दशकात चालविली, तिच्या खर्चाचे आणि बाटल्यांच्या तुटफुटीचे हिशेब दुग्धव्यवसाय विकास विभागाच्या जुन्या दप्तरांत शोधणे आणि ५० पैशांच्या तरतुदीशी ताडून पाहणे, हे काम इतिहास आणि वाणिज्य या दोन्ही विभागांना मिळून करण्यासारखे आहे.